अर्ध्या वॉटचा गिटार अ‍ॅम्प: घरच्या सरावाला पुरतो का, आणि घरी बनतो कसा?

गणपती जवळ आले की सोलापुरात वॉटची भाषा ज्याच्या-त्याच्या तोंडी येते. कुठल्या मंडळाची डॉल्बी किती हजार वॉटची, पोलिसांच्या यंत्रावर आकडा किती आला, यंदा परवानगी मिळणार की नाही. त्याच गावात, जुळे सोलापुरातल्या एखाद्या फ्लॅटमध्ये नेमका उलटा प्रश्न पडलेला असतो. पोराने हट्टाने इलेक्ट्रिक गिटार आणलेली असते आणि तार छेडली तर शेजारच्या खोलीतही ऐकू जात नाही. दुकानदार सांगतो, ‘अ‍ॅम्प घ्यावा लागतो की ओ, दहा वॉटचा तरी.’ अ‍ॅम्प म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर, गिटारचा आवाज मोठा करून ऐकवणारा डबा. आता दहा वॉट म्हणजे किती? मंडळाच्या मानाने काहीच नाही, की सोसायटीत भांडण लागण्याइतका?

माझं म्हणणं असं की घरच्या सरावाला अर्धा वॉट पुरतो आणि तेवढा अ‍ॅम्प एका सुट्टीच्या दिवसात घरी बनवता येतो. फक्त बनवताना सगळं डोकं चिपवर खर्च करू नका. आवाज चांगला येणार की रडका, हे ठरतं गिटारची वायर जिथे शिरते त्या तोंडाशी आणि आवाज जिथून बाहेर पडतो त्या स्पीकरपाशी. मधली चिप बिचारी सांगितलेलं काम करते.

गिटारमधून नक्की काय बाहेर येतं

इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली जी लांबट पट्टी दिसते तिला पिकअप म्हणतात. आत चुंबक असतो आणि त्याभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांमध्ये वीज निर्माण होते. (म्हणूनच नायलॉनच्या तारा इथे चालत नाहीत. साध्या अकूस्टिक गिटारला हा अ‍ॅम्प जोडायचा तर तिच्या लाकडाला पिझो नावाची पातळ चकती चिकटवावी लागते.)

ही वीज किती? जोरात वाजवलं तरी साधारण व्होल्टचा दहावा भाग, दणकट पिकअप असेल तर क्षणभर त्याहून बरीच जास्त. पण खरी अडचण व्होल्टची नाही, दमाची आहे. स्पीकरचा कागदी पडदा मागे-पुढे ढकलायला जेवढा प्रवाह लागतो, त्याच्या जवळपासही पिकअप जात नाही.

अ‍ॅम्प्लिफायर आवाज ‘मोठा करतो’ म्हणजे काय करतो

इथे बहुतेकांची समजूत चुकते. गिटारची वीज अ‍ॅम्प्लिफायरमध्ये शिरते आणि तीच फुगून स्पीकरपर्यंत जाते, असं वाटतं. तसं होत नाही.

सोलापुरी चादर विणणारा जेकार्डचा माग ज्यांनी पाहिलाय त्यांना हे लगेच पटेल. मागाच्या वर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची माळ फिरत असते. कुठला ताण्याचा धागा उचलायचा, कुठला नाही, हे भोक सांगतं. पण धागा उचलण्याची ताकद पुठ्ठ्याची नसते, ती खालच्या मोटारीची असते. पुठ्ठा फक्त नक्षी सांगतो.

अ‍ॅम्प्लिफायरमध्ये गिटारची वीज हा तो पुठ्ठा, आणि बॅटरी ही मोटार. स्पीकरला जी वीज मिळते ती सगळी बॅटरीची असते. चिप एवढंच करते, की गिटारने सांगितलेल्या नक्षीबरहुकूम बॅटरीची वीज कमी-जास्त सोडत राहते. बाहेर येणारी नक्षी आत आलेल्या नक्षीच्या किती पट उंच, त्या पटीला गेन म्हणतात. हा एक शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

यातूनच एक गोष्ट आपोआप निघते. बॅटरी ९ व्होल्टची असेल तर स्पीकरकडे जाणारी लाट ९ व्होल्टपेक्षा उंच होऊ शकत नाही. गेन कितीही वाढवा.

३८६ नावाची आठ पायांची चिप

छोट्या अ‍ॅम्पसाठी जगभर वापरली जाणारी चिप म्हणजे एलएम ३८६. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या कुठल्याही जुन्या दुकानात ‘तीनशे शहाऐंशी’ म्हटलं की काउंटरवर येते, किंमत काही दहा रुपयांत. साधारण ४ ते १२ व्होल्टवर चालते, आणि गिटार वाजत नसताना नुसती बसून जेमतेम ४ मिलिअँपियर खाते. त्यामुळे बॅटरीवर चालवायला सोयीची.

काहीही न जोडता तिचा गेन २० असतो. १ आणि ८ नंबरच्या पायांमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (बदलती वीज जाऊ देणारा, स्थिर वीज अडवणारा भाग) लावला की गेन २०० होतो. आता हिशोब करून बघा. गिटारचा दशांश व्होल्ट गुणिले २० म्हणजे २ व्होल्ट. बॅटरीच्या मर्यादेत बसतो, आवाज स्वच्छ. तोच दशांश व्होल्ट गुणिले २०० म्हणजे २० व्होल्ट, आणि बॅटरी तर ९ची. मग काय होतं? लाटेचे शेंडे सपाट कापले जातात. याला क्लिपिंग म्हणतात.

गाण्याच्या मैफलीत आवाज असा फाटला तर साउंडवाल्याला शिव्या पडतात. इलेक्ट्रिक गिटारमध्ये मात्र रॉक वाजवणाऱ्यांना नेमका हाच करकरीत, चरचरीत आवाज हवा असतो. त्यासाठी १ आणि ८च्या मधल्या कपॅसिटरच्या वाटेत एक छोटं बटण टाकून ठेवा. बंद असताना स्वच्छ, दाबलं की फाटका. नवशिक्याने बरेच दिवस स्वच्छ आवाजावरच सराव करावा असं माझं मत आहे, कारण फाटक्या आवाजात बोटांच्या चुका झाकल्या जातात. पोरं अर्थातच ऐकत नाहीत.

‘पण अर्धा वॉट म्हणजे अगदीच चिल्लर!’

९ व्होल्टच्या बॅटरीवर आणि ८ ओहमच्या स्पीकरवर ही चिप स्वच्छ आवाजात सुमारे अर्धा वॉट देते. आकडा ऐकून हसू येतं, कारण आपण वॉट आणि आवाज सरळ प्रमाणात वाढतात असं धरून चालतो. कानाचं गणित तसं नाही. ताकद दहापट केली की आवाज १० डेसिबलने वाढतो आणि कानाला तो साधारण दुप्पट वाटतो. म्हणजे अर्ध्या वॉटच्या दुप्पट ऐकू यायला ५ वॉट लागतात, चौपट ऐकू यायला ५० वॉट. ५० वॉटचा अ‍ॅम्प शंभरपट ताकदीचा, पण कानाला फक्त चौपट मोठा.

आता स्पीकर बघा. स्पीकरच्या माहितीपत्रकात एक आकडा दिलेला असतो: १ वॉट दिला तर १ मीटरवर किती डेसिबल. साध्या स्पीकरचा तो ८८च्या आसपास धरला, तर अर्ध्या वॉटला ८५ डेसिबल येतात. रोज आठ तास ८५ डेसिबलपेक्षा जास्त गोंगाटात काम करणाऱ्यांच्या कानांना धोका मानतात. तुमच्या खोलीत हे चिल्लर नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पातळ भिंतींच्या फ्लॅटमध्ये अर्धा वॉट पूर्ण उघडून रात्री वाजवलात तर शेजारचे काका येतील, नक्की.

याच हिशोबाची दुसरी बाजू बघा. ८८ऐवजी ९८ डेसिबलचा स्पीकर मिळाला, तर वॉट न वाढवता आवाज दुप्पट. तेवढाच फरक चिप बदलून मिळवायचा तर ताकद दहापट करावी लागेल. चिपवर डोकं खर्च करू नका म्हणतो ते यासाठी.

सगळे फसतात ते तोंडाशी

इंटरनेटवर ३८६चे शेकडो नकाशे आहेत. त्यातले बरेच गिटारची वायर थेट व्हॉल्यूम कंट्रोलला आणि तिथून चिपला जोडतात. अ‍ॅम्प वाजतो, पण आवाज दबलेला येतो, तारांची चमक गायब. दोष गिटारला दिला जातो.

कारण असं. पिकअप म्हणजे तारेचं भलंमोठं वेटोळं, आणि वेटोळं बारीक म्हणजे उंच सुरांच्या विजेला जास्त अडवतं. ३ हेन्रीचं (हेन्री हे वेटोळ्याच्या या गुणाचं माप) पिकअप धरलं तर १०० हर्ट्झच्या जाड सुराला वेटोळ्यामुळे येणारा अडथळा, तारेचा साधा रोध सोडून, २ हजार ओहमच्या आत असतो, पण ३००० हर्ट्झच्या टोकदार सुराला तो ५५ हजारांच्या वर जातो. समोर चिप, तिच्या तोंडाचा अडथळा ५० हजार ओहमचा. आधी १० हजारांचा व्हॉल्यूम लावला असेल तर आणखी कमी. वीज या दोन अडथळ्यांमध्ये वाटली जाते. जाड सूर जवळपास अख्खे चिपपर्यंत पोचतात, बारीक सुरांचा मोठा वाटा पिकअपमध्येच अडकतो. त्यामुळे आवाजाची धार जाते.

उपाय म्हणजे गिटारच्या समोर इतकं मोठं तोंड ठेवायचं की पिकअपला कुणी काही मागतंय असं वाटूच नये. १० लाख ओहम, म्हणजे १ मेगओहम. हे काम एक एफईटी ट्रान्झिस्टर करतो. तो आवाज वाढवत नाही, फक्त गिटार आणि चिप यांच्या मध्ये उभा राहतो: गिटारकडून जवळजवळ काहीच न घेता नक्षी वाचतो आणि पुढे दमदारपणे सांगतो. या टप्प्याला बफर म्हणतात. एमपीएफ १०२, २एन ५४५७ किंवा कॉलेजच्या प्रयोगशाळांत दिसणारा बीएफडब्ल्यू १०, जो मिळेल तो चालेल. प्रत्येकाच्या पायांचा क्रम मात्र वेगळा असतो, तो बघूनच लावा.

पिझो चकती लावणार असाल तर बफर हवाच. तिचं तोंड आणखी नाजूक असतं आणि तिथे गडबड उलटी होते, खालचे सूर पळतात आणि पत्र्यासारखा आवाज उरतो.

दुकानात काय मागायचं, आणि जोडायचं कसं

गिटारच्या मोठ्या पिनेच्या सॉकेटला आपल्याकडे पी-३८ म्हणतात. तो मोनो न घेता स्टिरिओ घ्या. बॅटरीचं निगेटिव्ह त्याच्या मधल्या पत्तीला जोडलं, की गिटारची मोनो पिन आत गेल्यावरच सर्किट पूर्ण होतं. वेगळं बटण लागत नाही, आणि रात्रभर चालू राहून बॅटरी मरायची भीती कमी. अर्थात पिन काढायची आठवण ठेवली तर.

सॉकेटपासून ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (दुकानात १०३ सांगा), तिथून एफईटीच्या गेटला (त्याच्या कामाच्या तीन पायांची नावं गेट, ड्रेन आणि सोर्स). गेटपासून ग्राउंडला (म्हणजे सर्किटची समाईक निगेटिव्ह वायर, सॉकेटच्या बाहेरच्या पत्तीला जोडलेली) १ मेगओहमचा रेझिस्टर. ड्रेन ९ व्होल्टला, सोर्सपासून ग्राउंडला ३.९ किलोओहम. सोर्सवरूनच ०.१ मायक्रोफॅरडमधून, म्हणजे १०४ नंबरमधून, १० किलोओहमच्या व्हॉल्यूमच्या एका टोकाला, दुसरं टोक ग्राउंडला. व्हॉल्यूमचा मधला पाय चिपच्या ३ नंबरला, २ आणि ४ नंबर ग्राउंडला, ६ नंबर ९ व्होल्टला. ६ नंबरच्या अगदी जवळ १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ग्राउंडला लावा, ७ नंबरपासून ग्राउंडला १० मायक्रोफॅरड.

आउटपुट ५ नंबरवर येतं. हा पाय शांत असतानाही बॅटरीच्या निम्म्या व्होल्टवर उभा असतो, म्हणून त्याला स्पीकर थेट जोडायचा नाही, मध्ये २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवा. ८ ओहमच्या स्पीकरसोबत हा कपॅसिटर साधारण ९० हर्ट्झच्या खालचे सूर कमी करतो. गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झची, तेव्हा मोठा स्पीकर असेल तर ४७०चा लावा. चार इंची स्पीकर तिथपर्यंत मुळातच पोचत नाही. तरी सूर ओळखू येतो, कारण वरच्या पटींवरून कान खालचा सूर स्वतःच भरून काढतो. ५ नंबरवरूनच १० ओहम आणि ०.०४७ मायक्रोफॅरड एकापाठोपाठ ग्राउंडला जोडा. बिनकामाचे वाटतात म्हणून पुष्कळ जण ते गाळतात आणि मग चिप स्वतःशीच थरथरत बसते.

सगळं झिरो पीसीबीवर, म्हणजे भोकं पाडलेल्या तयार बोर्डावर, बसतं. चिप थेट सोल्डर न करता आयसी बेस लावा, जळली तर उपटून दुसरी बसवता येते. मोठे कपॅसिटर उलटे लावू नका, पांढरी पट्टी असलेला पाय निगेटिव्ह. बॅटरीच्या पॉझिटिव्ह वायरमध्ये १एन ४००७ डायोड टाकलात तर घाईत बॅटरी उलटी लागली तरी काही जळणार नाही. २५ वॉटची सोल्डरिंग गन पुरते. टाका चकचकीत दिसला पाहिजे, मळकट गोळा झाला की ड्राय सोल्डर समजा आणि पुन्हा तापवा.

स्पीकर लावा, सॉकेटमध्ये मोनो पिन घाला (नाहीतर सर्किट चालूच होत नाही), व्हॉल्यूम निम्मा ठेवा आणि ३ नंबरच्या पायाला बोट लावा. घूं असा आवाज आला तर चिपपासून पुढचं सगळं बरोबर आहे. मग सॉकेटच्या टोकाच्या पत्तीला बोट लावून बघा. तिथे आवाज नसेल तर गडबड बफरमध्ये.

स्पीकर आणि खोका

टेबलावर उघडा पडलेला स्पीकर वाजवलात तर आवाज किरकिरा येईल. घाबरू नका. स्पीकरचा पडदा पुढे जातो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. हे दोन्ही कडेवरून वळून एकमेकांना भेटतात आणि एकमेकांना मारतात, खालचे सूर तर पार जातात. एक जाड पुठ्ठा घ्या, मध्ये स्पीकरएवढं भोक पाडा आणि स्पीकर त्यावर दाबून धरा. त्याच क्षणी आवाज भरतो. हा प्रयोग शाळेतल्या मुलांनाही करायला लावा, मजा येते.

म्हणजे खोक्याचं पहिलं काम पुढची आणि मागची हवा वेगळी ठेवणं. प्लायवूडचा खोका सर्वांत बरा. जुन्या लाकडी रेडिओची रिकामी पेटी मिळाली तर त्याहून छान. बिस्किटाचा पत्र्याचा डबा दिसायला भारी, पण जाड सुरांना खडखडतो.

स्पीकर ८ ओहमचा, शक्य तेवढा मोठा, सहा इंच मिळाला तर उत्तम. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीतला स्पीकर चालतो, मात्र तो टीव्ही स्वतः उघडू नका. बंद पडलेल्या ट्यूबमध्येही विजेचा जीवघेणा दाब शिल्लक असू शकतो, मेकॅनिककडून काढून घ्या. गाडीच्या दारातले स्पीकर बहुतेक ४ ओहमचे असतात. एकटा लावला तर चिप तापते. दोन एकापाठोपाठ जोडले की ८ होतात.

शिट्टी आणि घुंगाट

गेन २००वर नेला की काही अ‍ॅम्प शिट्टी मारतात किंवा भक-भक करतात. बाहेर पडलेला आवाज वायरींवरून पुन्हा तोंडाशी येतोय, असा त्याचा अर्थ. आत येणारी वायर शिल्डेड घ्या, आउटपुटच्या वायरीपासून लांब ठेवा, आणि ६ नंबरजवळचा १००चा कपॅसिटर खरंच जवळ आहे का बघा. भक-भक बहुतेक वेळा बॅटरी उतरल्याची खूण असते.

सततचा घुंगाट वेगळा. आपल्या घरातली वीज ५० हर्ट्झची, आणि पिकअपला तारेचं कंपन आणि ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र यांतला फरक कळत नाही. सोलापूरच्या पूर्व भागात घराला लागून यंत्रमाग चालतात, तिथे मोटारींचा त्रासही होणार. बॅटरीवर चालवल्याने वायरीतून येणारा गोंधळ टळतो, हवेतून येणारा टळत नाही. गिटार हातात घेऊन बसल्या जागी हळूहळू फिरा. एका दिशेला घुंगाट स्पष्ट कमी होतो. तिथे खुर्ची ठेवा.

‘घरात ४४४०चा बोर्ड पडलाय, तोच लावू का?’

लावा, पण दोन गोष्टी समजून. एलए ४४४० ही आपल्याकडची लाडकी चिप, टेपरेकॉर्डरच्या जमान्यापासून गल्लोगल्ली असेंबल केलेल्या डब्यांत तीच असायची. ती १२ व्होल्टवर चालते, हीटसिंक मागते आणि नुसती चालू ठेवली तरी शंभर मिलिअँपियरच्या आसपास खाते. बॅटरीचं काम नाही. शिवाय पुढे तो एफईटीचा बफर लागणारच. ऑनलाइन मिळणारा पीएएम ८४०३चा पिटुकला बोर्ड मोबाइलच्या पॉवर बँकेवरच्या ५ व्होल्टला चालतो आणि आवाज भरपूर देतो. त्याच्या स्पीकरची निगेटिव्ह वायर ग्राउंडला जोडू नका, बोर्ड मरतो. त्यालाही बफर हवा. आणि क्लिपिंगला गेल्यावर तो ३८६इतका गोड फाटत नाही, हे माझ्या कानाचं मत.

मोबाइलवरच्या अ‍ॅपने हे सगळं होतं, असंही कुणी म्हणेल. हेडफोन लावून रात्री वाजवायला अ‍ॅप खरोखर चांगलं. पण गिटार फोनला जोडायला इंटरफेस नावाचं जोडणीचं यंत्र घ्यावं लागतं, आणि बऱ्याच फोनवर तार छेडल्यापासून आवाज येईपर्यंत जो किंचित उशीर होतो, त्याने ताल शिकणाऱ्याचा गोंधळ उडतो.

२३० व्होल्ट लांब ठेवा

इलेक्ट्रिक गिटारच्या तारा अ‍ॅम्पच्या ग्राउंडला जोडलेल्या असतात. म्हणजे घरी केलेल्या मेनच्या सप्लायमध्ये एक वायर चुकली, तर २३० व्होल्ट थेट तुमच्या बोटांखाली. स्टोन द क्रोज बँडचा गिटारवादक लेस हार्वे १९७२मध्ये वेल्समधल्या स्वान्सीला स्टेजवरच विजेच्या धक्क्याने गेला. मायक्रोफोनचं अर्थिंग नीट नव्हतं. नळ्यांच्या जुन्या अ‍ॅम्पमध्ये तर आत तीन-चारशे व्होल्ट खेळत असतात, पहिल्या प्रयोगाला त्याच्या वाटेला जाऊ नका.

९ व्होल्टची चौकोनी बॅटरी सुरुवातीला ठीक, पण मोठ्या आवाजात लवकर दमते. सहा पेन्सिल सेलचा होल्डर घ्या. व्होल्ट तेवढेच, पण चांगल्या अल्कलाइन सेलची क्षमता चौकोनी बॅटरीच्या कितीतरी पट, आणि जोरात वाजवताना दाब बसत नाही.

आणि कॉलेजच्या गॅदरिंगला?

ड्रम आला की अर्धा वॉट बुडतो. तरी नवा अ‍ॅम्प घ्यायची घाई नको. हाच डबा खुर्चीवर ठेवायचा, स्पीकरपासून चार बोटांवर, मध्यबिंदूच्या थोडा बाजूला मायक्रोफोन लावायचा आणि वायर साउंडवाल्याच्या मिक्सरला द्यायची. नावाजलेल्या बँडचे मोठे अ‍ॅम्पसुद्धा सभागृहात असेच माइक लावून ऐकवतात. साउंडवाला आधी डब्याकडे बघून हसेल. त्याला सांगा, चॅनलचा व्हॉल्यूम शून्यापासून हळूहळू वर घ्यायचा.